मीमांसकांची गाय आणि परमुलखातला नवशिका

शब्दाचा अर्थ माणसाला पहिल्यांदा कळतो कसा, हा मीमांसाशास्त्रातला मूलभूत प्रश्न आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणे हे या शास्त्राचे काम. ते करताना शब्द आणि अर्थ यांचे नाते कोणी जोडले, ते माणसाच्या मर्जीवर अवलंबून आहे की नाही, आणि ते नव्याने शिकणाऱ्याच्या हाती लागते कसे, याचा छडा मीमांसकांना लावावाच लागला. हे नाते कच्चे निघाले तर यज्ञाची आज्ञाही कच्ची ठरते. परमुलखात जाऊन तिथली भाषा बाजारात, कामावर, रस्त्यावर शिकू पाहणाऱ्या प्रौढ माणसापुढे हाच प्रश्न रोजच्या रूपात उभा राहतो. चीनमधल्या भाजीबाजारात चार वाक्यांच्या चिनी भाषेवर उभा असलेला मराठी विद्यार्थी आणि शबरस्वामींच्या भाष्यातले लहान मूल यांची अडचण मुळात एकच आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. वाईला प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वती, म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, यांनी मीमांसाकोश रचला. त्याचे खंड 1952 पासून प्रसिद्ध होऊ लागले. या शास्त्राच्या संज्ञा आणि वाद एका जागी मिळावेत म्हणून झालेले इतके मोठे काम क्वचितच दुसरे असेल. दुसरे टोक खानापूर, विटा, आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात आहे. तिथून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगालकडे गेली आणि तिथली भाषा कोणत्याही वर्गात न बसता शिकली. वाईच्या पोथ्या आणि विट्याची भट्टी यांचा एकमेकांशी संबंध कधी आला नसेल, पण एकीकडे ज्याचा सिद्धान्त आहे त्याचाच प्रयोग दुसरीकडे चालू होता.

जैमिनीच्या सूत्रांवरील शबरभाष्यात भूमिका अशी मांडली आहे: शब्द आणि अर्थ यांचे नाते स्वाभाविक आहे, कोणा व्यक्तीने ते ठरवून दिलेले नाही. यावर आक्षेप सरळ आहे. नाते स्वाभाविक असेल तर शब्द पहिल्यांदा कानावर पडताच अर्थ कळायला हवा. तो तर कळत नाही. शबर उत्तर देतात ते डोळ्याच्या दृष्टान्ताने. डोळ्याला पाहण्याची शक्ती असते, तरी बाहेरचा उजेड नसेल तर त्याला दिसत नाही. तसाच शब्दालाही एक सहकारी लागतो. हा सहकारी म्हणजे वृद्धव्यवहार, म्हणजे भाषा आधीपासून जाणणाऱ्यांची आपसातली वागणूक. थोरांच्या बोलण्या-वागण्यावरून लहान शिकते, ते थोरही कधी लहान होते, आणि त्यांचे थोरही. ही साखळी मागे कितीही नेली तरी ‘अमुक माणसाने अमुक दिवशी हे नाव ठेवले’ अशी आठवण कोणालाच नाही.

वृद्धव्यवहाराचे नेहमीचे उदाहरण मीमांसकांच्या गोठ्यातले आहे. एक वडीलधारा धाकट्याला म्हणतो, ‘गाय आण’. धाकटा गाय घेऊन येतो. शेजारी उभे असलेले मूल ते पाहते. त्याला शब्द वेगळे करता येत नाहीत. इतकेच कळते की त्या आवाजामुळे ही कृती घडली. मग कधी ‘गाय बांध’ ऐकू येते, कधी ‘घोडा आण’. एक तुकडा तसाच राहिला आणि दुसरा बदलला की कृतीतला कोणता भाग बदलला हे मूल टिपते. अशा घालण्या-काढण्याला शास्त्रात आवापोद्वाप म्हणतात. त्यातूनच ‘गाय’, ‘घोडा’, ‘आण’, ‘बांध’ हे एकेक सुटे होत जातात. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनने गवंडी आणि त्याचा मदतनीस यांची छोटी भाषा कल्पून याच्या जवळपासचे चित्र उभे केले. त्याचे ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ 1953 चे. मात्र मीमांसकांची मांडणी अधिक काटेकोर आहे. मूल नेमके कशावरून काय अनुमान करते, हे ते पायरीपायरीने सांगतात.

इथून मीमांसकांत फूट पडते. प्रभाकर आणि त्यांचे अनुयायी म्हणतात, मुलाने शब्द सुटा कधी ऐकलेलाच नाही. त्याने ऐकले ते वाक्य आणि पाहिली ती कृती, त्यामुळे प्रत्येक शब्द आपला अर्थ इतरांशी जोडलेल्या अवस्थेतच सांगतो. या मताला अन्विताभिधान म्हणतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेत शब्द आधी आपापला अर्थ देतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय लागतो, हे अभिहितान्वय. प्रभाकरांनी आणखी एक पाऊल टाकले. शिकणे नेहमी आज्ञेवरून होते, म्हणून शब्दांचे सामर्थ्य शेवटी काहीतरी करायला सांगण्यातच आहे, असे ते मानतात. वरवर पाहता हा बालभाषेचा किरकोळ तपशील वाटतो, पण त्यावर फार मोठी गोष्ट टांगलेली होती. शब्द केवळ कर्तव्यच सांगू शकत असतील, तर ‘ब्रह्म असे आहे’ म्हणणारी उपनिषदे काहीच सांगत नाहीत, फार तर एखाद्या आज्ञेची शेपटी ठरतात. म्हणून वेदान्त्यांना हे मान्य करणे शक्यच नव्हते. त्यांचे ठरलेले प्रत्युदाहरण असे: कोणी येऊन एखाद्याला सांगतो, ‘तुला मुलगा झाला’. इथे काही आणायचे नाही, बांधायचे नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो, आणि आनंदाचे कारण ठाऊक असलेल्या शेजाऱ्याला त्यावरून शब्दांचा अर्थ कळतो. गायीवरून सुरू झालेला वाद असा मोक्षापर्यंत पोहोचला. भारतीय दर्शनांत भाषा आणि धर्म किती घट्ट विणलेले आहेत, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे मिळणे अवघड आहे.

प्रभाकरांचे म्हणणे अपुरे का पडते, हे परमुलखात गेलेल्यांच्या भाषेकडे पाहिले की लवकर ध्यानात येते. माणूस ज्या व्यवहारात पडतो त्या व्यवहाराच्या मापाचीच भाषा त्याला मिळते, आणि सगळे व्यवहार हुकुमाचे नसतात.

हुकुमाच्या व्यवहाराचे उदाहरण साताऱ्याच्याच डोंगरावर आहे. 1829 च्या सुमारास महाबळेश्वरला माल्कम पेठ वसली, आणि पुढे इंग्रज सरकारने आग्नेय आशियातल्या आपल्या वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी आणून तिथल्या तुरुंगात ठेवले. रस्त्यांची कामे आणि भाजीपाल्याच्या बागा त्यांच्याकडे होत्या. चायनामन धबधब्याचे नाव त्या बागांवरूनच पडले. कैद्याच्या कानावर भाषा पडते ती मुख्यतः आज्ञार्थी: खण, उचल, पाणी घाल, थांब. प्रभाकरांच्या सिद्धान्ताला याहून शुद्ध प्रयोगशाळा मिळणार नाही. पण अशा शिक्षणात किती थोडे हाती लागते हेही तिथेच दिसते. हुकूम ऐकून ‘खण’ आणि ‘उचल’ यांतला भेद कळतो. ‘का’, ‘उद्या’, ‘बरे वाटत नाही’ हे कळायला हुकूम पुरत नाही.

गलाईवाल्यांचा, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांचा, व्यवहार वेगळ्या जातीचा आहे. खानापूर तालुक्यातला मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की चुलत्याच्या किंवा मामाच्या दुकानी जायचा. दुकान कोइमतूरला असेल, त्रिचूरला असेल, नाहीतर बंगालमधल्या एखाद्या सराफ बाजारात. भट्टी, मूस, तेजाब आणि जुने दागिने गाळून टंच काढणे हे काम हाताला लवकर सवयीचे होते. गिऱ्हाइकाशी बोलणे मात्र तितक्या लवकर जमत नाही. त्याला आधी आकडे लागतात, मग वजन, मग कस, मग ‘संध्याकाळी या’ आणि ‘इतकी घट आली’. ही भाषा प्रश्नांची आणि हिशेबाची आहे. शिवाय तिच्यात चुकीला किंमत असते: एक आकडा चुकीचा ऐकला तर सोने कमी-जास्त होते. म्हणून आकडे सर्वांत आधी पक्के होतात, आणि वाक्यरचना वर्षानुवर्षे ओबडधोबड राहिली तरी दुकान अडत नाही. दुष्काळी भागातल्या शेतीने ज्यांना घराबाहेर ढकलले त्यांना तमिळ, मलयाळम किंवा बंगाली अशी लाभली. जत्रेला गावी आलेल्या दोन गलाईवाल्यांना घरच्यांसमोर एखादी गोष्ट लपवायची असली की ते त्या भाषेत बोलू लागतात. धंद्यासाठी शिकलेली भाषा इतकी आपली होते.

चिनी भाषेचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण शेजारच्या सोलापूरचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस पुढे आठव्या मार्गसेनेबरोबर राहिले, 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले. भारतातून निघताना चिनी न येणारा हा माणूस तीन-चार वर्षांत त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागला होता. त्यांचा व्यवहार रुग्णशय्येचा. डॉक्टर आज्ञा थोड्या देतो, विचारतो जास्त: कुठे दुखते, कधीपासून, किती. उत्तर शब्दांत येते आणि चेहऱ्यावरही उमटते. वेदान्त्यांच्या ‘मुलगा झाला’ या उदाहरणाची ही उलटी, वेदनेची बाजू आहे. आज महाराष्ट्रातून वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला गेलेल्या विद्यार्थ्यांचे वर्ग इंग्रजीत भरतात, पण वॉर्डात गेले की रुग्णाशी चिनीतच बोलावे लागते.

नवशिका बोलतो तेव्हा चुकतो. या चुकीचे तत्त्वज्ञान व्याकरणशास्त्राने केले आहे आणि ते मीमांसकांपेक्षा उदार आहे. पतंजलींच्या महाभाष्यात ‘गौः’ या शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता असे लोकांच्या तोंडचे अपभ्रंश नोंदवले आहेत. अर्थ दोन्हींतून सारखाच कळतो, पण धर्म, म्हणजे पुण्य, शुद्ध शब्दाच्या वापरातच आहे, असा त्यांचा निर्णय. ही सोय त्यांनी एका गोष्टीने आणखी स्पष्ट केली. काही थोर ऋषी रोजच्या बोलण्यात ‘यद्वा नः तद्वा नः’ याऐवजी ‘यर्वाणः तर्वाणः’ म्हणत. लोकांनी त्यांना तेच नाव ठेवले. यज्ञात मात्र ते अशुद्ध बोलत नसत. म्हणजे शुद्धीचा आग्रह कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हे प्रसंग ठरवतो. भाजी घेताना व्याकरण चुकले तर पाप नाही, असा निर्वाळा दोन हजार वर्षांपूर्वीच मिळालेला आहे; परदेशी तोंड उघडायला लाजणाऱ्यांनी तो जरूर ध्यानात ठेवावा.

पण अशुद्ध शब्दातून अर्थ कळतो तो कसा? याचे एक उत्तर परंपरेत असे दिले जाते: अपशब्द ऐकणाऱ्याला शुद्ध शब्दाची आठवण करून देतो, आणि अर्थ देतो तो आठवलेला शब्द. हे उत्तर चिनीला विलक्षण लागू पडते. प्रमाण चिनीत आवाजाच्या चढउताराचे चार स्वर आहेत. ‘माय’ हा उच्चार आवाज खाली नेऊन वर आणत केला तर विकत घेणे, आणि वरून एकदम खाली टाकला तर विकणे. मराठी कानाला हा फरक आरंभी ऐकूच येत नाही, तोंडातून काढणे तर दूरची गोष्ट. तरीही दुकानात पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या परदेशी माणसाने ‘विकायचे आहे’ म्हटले तर दुकानदार त्याच्याकडून काही खरेदी करू लागत नाही. तो प्रसंग पाहतो, योग्य शब्द आठवतो आणि त्याचा अर्थ घेतो. मोजायच्या वस्तूनुसार संख्येपुढे वेगळा गणनाशब्द लावायचा असतो. नवशिका सगळीकडे एकच लावतो, आणि तेही चालून जाते. नवशिक्याच्या वाक्याचा निम्मा अर्थ असा ऐकणारा पुरवतो. भाषा येते की नाही याची परीक्षा फक्त बोलणाऱ्याची घेतली तर निष्कर्ष चुकणारच.

वृद्धव्यवहाराच्या चित्रात एक उणीव राहते ती इथेच. त्या चित्रात बोलणारा एक, ऐकणारा दुसरा आणि शिकणारा तिसरा. मूल बाजूला उभे राहून पाहते. त्याला कोणी काही विचारत नाही, त्याच्या चुकीने कोणाचे काही अडत नाही. परमुलखात गेलेल्या प्रौढाला हे तिसऱ्याचे स्थान मिळत नाही. तो पहिल्या दिवसापासून पहिला किंवा दुसरा असतो: त्यालाच मागायचे असते, त्यालाच समोरच्याचे ऐकून वागायचे असते, आणि अनुमान चुकल्याचे त्याला दुसऱ्याच्या कृतीवरून कळते. ‘गाय आण’ म्हटल्यावर घोडा आला तर बोलणारा शिकतो. मीमांसकांनी ही शक्यता नाकारलेली नाही, पण तिच्याकडे वळूनही पाहिलेले नाही. कारण उघड आहे. त्यांना वेद समजून घ्यायचे होते, आणि वेदापुढे माणूस नेहमी श्रोताच असतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये मांडलेला ‘चिनी खोली’चा युक्तिवाद याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. चिनी न येणारा एक माणूस खोलीत बसला आहे. बाहेरून चिनी चिन्हांचे कागद येतात. तो नियमांचे पुस्तक पाहून दुसरी चिन्हे बाहेर देतो. बाहेरच्यांना वाटते आत चिनी जाणणारा आहे. सर्ल म्हणतात, त्याला एक शब्दही कळत नाही. मीमांसक इथे सर्लशी सहमत होतील, पण त्यांचे कारण निराळे असेल: त्या खोलीत गाय नाही. चिन्हांमुळे कोणी काही आणत नाही, बांधत नाही, कोणाचा चेहरा उजळत नाही. नियमांचे पुस्तक कितीही जाड केले तरी ही उणीव भरून निघत नाही. चार चुकीच्या वाक्यांत कोथिंबीर घेऊन येणाऱ्याला त्या चार वाक्यांपुरती चिनी कळते. खोलीतल्या माणसाला तेवढीही नाही.

व्यवहाराची मर्यादाही सांगायला हवी. नैयायिकांनी शब्दाची शक्ती कळण्याची आठ साधने सांगितली: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचे सान्निध्य. आरंभीच्या शिकण्यात व्यवहाराला अग्रस्थान असले तरी बाकीची सात शोभेला नाहीत. बाजार जे शिकवतो ते बाजारापुरते. अनेक गलाईवाले तमिळ अस्खलित बोलतात, पण दुकानावरची पाटी त्यांना वाचता येत नाही. चिनीत हे अंतर आणखी मोठे आहे, कारण तिची अक्षरे उच्चारावरून सहसा उलगडत नाहीत आणि साधे वर्तमानपत्र वाचायला ती हजारोंनी ओळखावी लागतात. त्यांना कोश, गुरू आणि घोकंपट्टी यांशिवाय इलाज नाही. केवळ ‘लोकांत मिसळा, भाषा आपोआप येईल’ हा सल्ला म्हणून अर्धाच खरा आहे.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा. एखाद्या शब्दाच्या अर्थाविषयी बाहेरचा विद्वान आणि तिथला अडाणी यांत मतभेद झाला तर कोणाचे मानायचे? मीमांसेत यावर स्वतंत्र अधिकरण आहे. पिक, नेम, तामरस असे काही शब्द वेदात येतात, पण आर्यांच्या वापरात ते नाहीत. म्लेंच्छ मात्र ते कोकीळ, अर्धा, कमळ या अर्थांनी वापरतात. संस्कृत धातू शोधून त्यांचे अर्थ घडवावेत, की म्लेंच्छांचा वापर मानावा? निर्णय म्लेंच्छांच्या बाजूने आहे. शबर तर म्हणतात, पक्षी पकडण्यात आणि पाळण्यात म्लेंच्छच अधिक जाणकार आहेत. ज्या परंपरेने म्लेंच्छांना यज्ञाच्या आसपास फिरकू दिले नसते, तिने त्यांच्या शब्दांपुढे असे हात जोडावेत हे उल्लेखनीय आहे.

कुमारिलांनी तंत्रवार्तिकात याच चर्चेत दाक्षिणात्य भाषेचे दाखले घेतले आहेत. द्राविड लोक भाताला ‘चोर्’ म्हणतात, आणि उत्तरेकडचे पंडित त्यात आपला ‘चोर’ पाहतात. सापाच्या ‘पाम्प्’ शब्दाचे ते ‘पाप’ करतात, पोटाच्या ‘वैर्’चा ‘वैरी’ करतात. तमिळनाडूत नव्याने गेलेल्या खानापूरच्या पोराला जेवायच्या वेळी ‘सोरु’ ऐकू आले की त्याचीही हीच गत होत असेल. कुमारिल विचारतात, शेजारच्या भाषेत अशी मनमानी चालत असेल तर पारसीक, बर्बर, यवन आणि रोमक यांच्या भाषांचे काय होईल? त्यांच्या यादीत चिनी नाही. मात्र साधारण त्याच सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी भिक्षू भारतात येऊन, नालंदेत शिकून, पुलकेशीच्या महाराष्ट्रातून प्रवास करून गेला होता. पिक-नेमाचा निर्णय त्याच्या भाषेलाही लागू होतो: चिनी शब्दाचा अर्थ चिनी माणसाच्या वापरावरूनच ठरतो, आणि तिथे वाईच्या पंडितानेही रस्त्यावरच्या भाजीवाल्याचे ऐकले पाहिजे.